पाणी घातल्याची सही

४ फेब्रुवारी

भाऊजींना वहिनीचा नमस्कार,

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी अर्धा तास बोलले आणि शेवटी तुम्ही विचारलंत, "कोण बोलतंय?" तेव्हाच कानाला खडा लावला. तुमच्या नाही, माझ्या. पोस्टमनची बायको आहे मी, पत्र लिहायला मला कसला कंटाळा!

काम आहे, सरळ सांगते. आमचा रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत शपथेला एक झाड नाही. मी दवाखान्यात नर्स होते तेव्हापासून बघतेय, माणसं केसपेपर मिळेपर्यंत बाहेर उन्हात उभी असतात आणि निम्म्यांना आत आल्यावर आधी पाणीच द्यावं लागतं. आता सरकारनं वस्त्यांमधून झाडं लावायला अनुदान काढलंय. रस्त्यावरच्या लोकांनी मिळून अर्ज करायचा, खड्डे, रोपं, जाळ्या सगळं ते देणार. आणि याच वर्षी करायला हवं, कारण रस्त्याकडेची मातीची पट्टी नगरपालिका फरशी घालून गाड्या लावायला देणार आहे. एकदा फरशी पडली की संपलं.

अर्ज अकरा पानी आहे. शिंपीदादांनी तो उलटा धरून वाचला आणि सुलटा धरल्यावरही काही फरक पडला नाही म्हणाले. हा अर्ज जिथे जातो त्याच कचेरीत तुम्ही तीस वर्षं, अर्ज तपासायच्या टेबलावर बसलात. आता तुम्ही लेकीकडे राहायला गेलात म्हणून काही सुटला नाहीत.

यांनीही बारा वर्षांपूर्वी याच रस्त्यासाठी असाच अर्ज केला होता. तो परत आला. का आला, ते यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुम्हाला काही आठवतंय का?

उत्तर पाठवा. अक्षर मोठं काढा, माझा चष्मा जुना आहे.

वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

अर्ज वाचला. सोपा आहे. माणसं घाबरतात ती पानांच्या संख्येला.

पान चारवर "सध्याची झाडे" असं आहे तिथे मोकळं सोडू नकोस, "शून्य" असं अक्षरी लिही. मोकळा रकाना बघितला की तपासणाऱ्याचा हात शिवशिवतो, हे अनुभवानं सांगतो. नकाशा हातानं काढलेला चालतो, पण उत्तर दिशा दाखवायची. नगरपालिकेचं ना-हरकत पत्राची मूळ प्रत जोडायची, झेरॉक्स नाही. अर्जदार तू हो. सहअर्जदार म्हणून शिंप्याला घे, कारण दुकानदार दिवसभर जागेवर असतो. सगळं जोडून झालं की पानांना आकडे घाल आणि दोन प्रती स्वतःजवळ ठेव.

पान नऊ नीट वाच. पावसाळ्यानंतर तपासणी होते. लावलेल्यांतली तीन चतुर्थांश झाडं जिवंत दिसली तरच जागा कायमची झाडांसाठी राखीव होते. नाहीतर योजना रद्द. लावणं सोपं, जगवणं अवघड, आणि लोक तिथेच आपटतात.

दादाच्या जुन्या अर्जाचं मला आता आठवत नाही. वर्षाला चारशे अर्ज यायचे.

गुडघ्याला शेक देतेस ना?

धाकटा दीर


२६ मे

भाऊजी,

मंजूर! साठ झाडं! पत्र हातात पडलं आणि मी रस्त्यातच शिंपीदादांना मिठी मारणार होते, पण त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या.

तुमचा एकेक शब्द पाळला. नकाशावर उत्तर दिशा दाखवायला आपल्या रस्त्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई आणि सायकल दुरुस्तीवाले यांच्यात अशी जुंपली की शेवटी सूर्य मावळेपर्यंत थांबलो आणि खात्री करून घेतली. अर्ज द्यायला गेले तेव्हा कचेरीतल्या खिडकीवरच्या मुलानं पानं चाळली, वर बघितलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही पूर्वी कुठल्या कचेरीत होता?" मी म्हटलं, घरात एक आहे.

आजपासून खड्डे खणायला लागले. पट्टीतली माती वर भुसभुशीत दिसते, पण हातभर खाली नुसती पिवळी चिकण. कुदळ अडकून बसते. रोपं कमरेएवढी आहेत. तीस घरं, घरटी दोन झाडं वाटून दिली. दवाखान्यासमोरची दोन मी घेतली.

पुढे काय करायचं? आता ही पोरं वाढवायची कशी ते सांगा.

वहिनी


५ जून

वहिनी,

अभिनंदन. मी लेकीला वाचून दाखवलं. जावई म्हणाला, तुमच्या घरात हे सरकारी रक्त कुठून आलं.

आता नीट ऐक. तीस घरं म्हणजे तीस तऱ्हा. आज उत्साह आहे, महिन्याभरात प्रत्येक जण म्हणेल की शेजारी घालेल पाणी. मी अशा पन्नास योजना मातीत गेलेल्या बघितल्या आहेत आणि प्रत्येक वेळी कारण एकच, जबाबदारी कुणाची ते लिहिलेलं नव्हतं.

म्हणून रजिस्टर घाल. आडव्या ओळीत घरं, उभ्या रकान्यात तारखा. झाडाला पाणी घातलं की त्या दिवसाच्या रकान्यात सही. सही नाही म्हणजे पाणी नाही, सबब चालणार नाही. रजिस्टर शिंप्याच्या दुकानात दोरीला बांधून ठेव. आठवड्याला ज्याचे रकाने मोकळे असतील त्याचं नाव फळ्यावर लिही. माणूस पापाला भीत नाही तेवढा फळ्याला भितो.

तपासणीला रजिस्टर दाखवलं की निम्मं काम झालं समज. नमुना आखून सोबत पाठवतो आहे. रेघा मीच मारल्या आहेत, डोळे अजून शाबूत आहेत.

धाकटा दीर


१९ जुलै

भाऊजी,

तुमच्या रजिस्टरनं रस्त्याला वेड लावलंय! सकाळी सात वाजता शिंप्याच्या दुकानापुढे सहीसाठी रांग असते. पहिल्या आठवड्यात सायकलवाल्यांचं नाव फळ्यावर आलं. दोन दिवस त्यांना कुणी सायकल दुरुस्तीला दिली नाही. तेव्हापासून ते आधी पाणी घालतात, मग तोंड धुतात.

पाऊस चांगला लागलाय, पण आमच्यात खंड नाही. काल धो धो कोसळत होता. मी खिडकीतून बघते तर मुख्याध्यापिकाबाई एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कळशी घेऊन झाडाला पाणी घालताहेत. मी ओरडले, "अहो, वरून पडतंय की!" तर म्हणाल्या, "पडू दे. ती माझी सही नाही."

शिंपीदादा तर गावाला गेलेल्यांच्या झाडांनाही पाणी घालतात आणि त्यांच्या रकान्यात स्वतःची सही करतात. शाळा तपासणीच्या दिवशी जशी चकाचक असते, तसं रजिस्टर आहे. एकही रकाना मोकळा नाही. बघून तुमच्या डोळ्यांचं पारणं फिटेल.

माझी दोन्ही झाडं छान आहेत. थोडी पिवळी वाटतात. नवी जागा आहे, रुळतील.

वहिनी


३० जुलै

वहिनी,

पत्र तीनदा वाचलं. कचेरीत असताना कुणी माझ्या नमुन्याचा इतका मान ठेवला नव्हता. मुख्याध्यापिकाबाईंना माझा नमस्कार सांग. अशी माणसं आमच्या खात्यात असती तर देश कुठल्या कुठे गेला असता.

असंच चालू ठेवा. एक दिवसही चुकवू नका.

धाकटा दीर


२८ ऑगस्ट

भाऊजी,

इकडे सगळं ठीक. पाऊस आहे. रजिस्टर चालू आहे. गुडघा बरा आहे. तुम्ही तब्येत सांभाळा.

वहिनी


५ सप्टेंबर

वहिनी,

तू लग्न होऊन घरात आलीस तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून तुला ओळखतो. तू वाण्याला निरोप लिहिलास तरी त्यात दोन टोमणे आणि एक गोष्ट असते. तुझं हे चार ओळींचं पत्र आलं तेव्हा मी पाकीट झटकून बघितलं, आत आणखी पान आहे का.

काय झालंय? लपवू नकोस. तुला लपवता येत नाही.

धाकटा दीर


११ सप्टेंबर

भाऊजी,

झाडं मरताहेत.

तुम्हाला कळवायचं नव्हतं. तुम्ही इतके खूश होतात. पंधरा दिवस मी मनात म्हणत होते, सुधारतील. पण पानं पिवळी पडली, मग काळी, मग गळायलाच लागली. पानं गळतात म्हणून लोकांनी घाबरून दोन दोन वेळा पाणी घातलं. शेवटी मी सार्वजनिक बागेतल्या माळ्याला हाताला धरून आणलं. म्हातारा खड्ड्याशी बसला, मूठभर माती काढली आणि माझ्या नाकाशी धरली. गटारासारखा वास! म्हणाला, "बाई, खाली चिकण माती. पाणी जायला वाट नाही. वरून पाऊस आणि तुम्ही सगळे मिळून ओतताय. मुळं कुजली. झाडाला पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघायचं असतं, एवढंही कुणी सांगितलं नाही?"

आमच्याकडे बोट कुणी घातलं नाही, सह्या मात्र सगळ्यांनी केल्या. नर्स होते मी भाऊजी, सलाईन जास्त झालं तर माणसाचं काय होतं ते मला ठाऊक होतं. तरी रोज डोळे झाकून ओतत राहिले. स्वतःचीच लाज वाटते.

पाणी बंद केलंय. आज मोजली. साठांतली अडतीस जिवंत आहेत, बावीस गेली. पंचेचाळीस हवीत. तपासणी पाच ऑक्टोबरला.

आता तुमच्यापासून लपवण्याचं खरं कारण लिहिते. शिंपीदादा म्हणतात, रोपवाटिकेतून तेवढ्याच उंचीची बावीस रोपं आणू, रविवारी मेलेली काढून तिथे लावू, माती सारखी करू. तपासणीला कोण ओळखणार? रजिस्टर तर भरलेलंच आहे. सगळा रस्ता तयार आहे. मीही जवळजवळ हो म्हटलंय. नाहीतर काय करू? योजना रद्द झाली की आठ दिवसांत फरशी पडेल. नगरपालिकेचा माणूस आत्ताच चुन्यानं खुणा करून गेला.

तुम्ही नियमाची माणसं. ओरडाल. पण पुढचं पत्र येईपर्यंत थांबते.

वहिनी


१६ सप्टेंबर

वहिनी,

ओरडायचा अधिकार मला नाही. ती बावीस झाडं मी मारली. माळ्याला विचारायचं सोडून मी रेघा मारत बसलो. जिवंत वस्तू कशी वाढते याचा मी आयुष्यात कधी विचार केला नाही, ती कागदावर कशी दिसते एवढंच बघितलं. तुझ्या जुलैच्या पत्रात भर पावसात कळशी होती, पिवळी पानं होती, सगळं होतं. मी काय वाचलं? "एकही रकाना मोकळा नाही." आणि वर लिहिलं, एक दिवसही चुकवू नका. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रोपं बदलू नका. पकडले जाल म्हणून म्हणत नाही, बहुधा पकडले जाणारही नाही. पण त्याच कुजलेल्या खड्ड्यांत नवी बावीस लावाल आणि ती डिसेंबरात मरतील. तेव्हा खरं सांगायची सोयही राहणार नाही.

अर्जाचं शेवटचं पान काढ. तिथे तपासणीच्या वेळी भरायचा "आलेल्या अडचणी" असा अर्ध्या पानाचा मोकळा चौकोन आहे. तीस वर्षांत तो भरलेले मी जेमतेम तीन अर्ज बघितले. बाकीचे सगळे "काही नाही" लिहून मोकळे. तो भर. जसं मला लिहिलंस तसंच लिही, छत्रीसकट. माळ्यानं सांगितलेलं लिही. रजिस्टर जोड आणि खाली लिही की ही आमची चूक.

आता दुसरं. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

दादाचा अर्ज मला आठवतो. आठवत नाही म्हणालो ते खोटं. तो माझ्याच टेबलावर आला होता. ना-हरकत पत्र जोडलेलं नव्हतं, बाकी सगळं चोख. मी शेरा मारला, "कागद अपूर्ण, तीस दिवसांत पूर्तता करावी", आणि टपालात टाकला. दादाचं घर कचेरीपासून चालत वीस मिनिटं. संध्याकाळी येऊन एवढंच सांगायचं होतं की दादा, एक कागद राहिलाय, उद्या आणून दे. नाही आलो. सगळ्या कचेरीला ठाऊक होतं तो माझा भाऊ आहे, आणि त्या वर्षी माझी बढती होती. भावाचं काम केलं म्हणतील, म्हणून गप्प बसलो. वाटलं, दादा स्वतः येईल, विचारेल. रोज दाराकडे बघायचो. तो आला नाही. तिसाव्या दिवशी मी फाइल बंद केली.

त्यानंतर दादा माझ्याशी नीट बोलला नाही. आला गेला, तब्येत विचारली, बास. मीही विषय काढला नाही. आणि मग तो गेलाच.

तुला हे आधी सांगायला हवं होतं. रागावलीस तर तुझं बरोबर आहे.

धाकटा दीर


२३ सप्टेंबर

भाऊजी,

मला माहीत होतं.

हे गेल्यावर कपाट आवरताना तो अर्ज सापडला. शेरा बघितला आणि अक्षर ओळखलं. तुमचं अक्षर मी ओळखणार नाही होय? तुमचे शाळेतले निबंध मी तपासलेत. तीन वर्षं झाली. पहिली दोन वर्षं तुमचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मुद्दामच फोन करत नव्हते. तुमच्या कानाचं निमित्त बरं होतं.

यांचंही चुकलंच. कागद आणून दिला असता तर काय बिघडत होतं? पण भावाचा शेरा बघून यांना काय वाटलं असेल, ते मी समजू शकते. सख्ख्या भावानं परक्यासारखं टपालानं कळवलं. दुसऱ्यांची पत्रं दारोदार पोचवणाऱ्या माणसाला ते फार लागलं असणार.

फेब्रुवारीत मी मुद्दाम विचारलं होतं, काही आठवतंय का. बघत होते खरं बोलता का. नाही बोललात तेव्हा पत्र फाडायला निघाले होते. पण त्याच पत्रात रकान्यात "शून्य" अक्षरी लिही, मूळ प्रत जोड, असं सगळं होतं. ना-हरकत पत्राच्या ओळीखाली तुम्ही दोनदा रेघ मारली होती. मग नाही फाडलं.

रागावले आहे का? हो, आहे. पण तुम्ही स्वतःहून लिहिलंत, आणि लिहून झाल्यावर मला हलकं वाटतंय, ते का ते मला विचारू नका.

रोपं बदलणार नाही. शिंपीदादांना पटवायला नाकी नऊ आले. "बाई, खरं सांगून कुणाचं भलं झालंय?" असं ऐकवलं त्यांनी. मी म्हटलं, माळ्याला विचारा, त्या खड्ड्यांत नवी रोपं तरी जगतील का. माळी मान हलवून नाही म्हणाला. तेव्हा कुठे तयार झाले. चौकोन भरला. अर्ध्या पानात मावेना, पुरवणी जोडली.

वहिनी


८ ऑक्टोबर

भाऊजी,

तपासणी झाली. बाई आल्या होत्या, तिशीच्या असतील. पायात गमबूट. एकेक झाड हलवून बघितलं. अडतीस मोजली. मग शिंपीदादांच्या दुकानात बसून आमचा चौकोन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. छत्रीच्या ओळीला त्यांना हसू आवरेना. मग एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, "मी इतक्या ठिकाणी गेले, मेलेली झाडं सगळीकडे असतात, पण ती का मेली ते पहिल्यांदाच कुणी लिहून दिलंय."

मला वाटलं जिंकलो. आज कचेरीचं पत्र आलं. "अटीची पूर्तता झालेली नाही. सबब प्रस्ताव परत करण्यात येत आहे." खाली तीस दिवसांत काय काय करायचं त्याची यादी आहे. साठही खड्ड्यांतून पाणी वाहून जायला चर, बावीस नवी रोपं, जाणकार माळ्याचा दाखला, नवा नकाशा, सगळं नव्या प्रपत्रात.

मी हात टेकले भाऊजी. साठ खड्डे, चिकण माती, तीस दिवस. लोकांनी तोंड फिरवलंय. शिंपीदादा म्हणाले, "सांगितलं होतं ना?" आणि मशीन चालू केलं. सायकलवाले म्हणतात, गाड्या लावायला जागा झाली तर तेवढंच गिऱ्हाईक वाढेल. दुपारपासून मी घराबाहेर पडले नाही. यांचा अर्ज जिथे थांबला तिथेच माझाही थांबणार, असं दिसतंय.

वहिनी


१२ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र आणि मी बहुधा एकाच दिवशी पोचू. गुरुवारच्या गाडीनं निघतोय. लेक नको म्हणाली, मला ऐकू आलं नाही.

पत्र नीट वाच. योजना रद्द केलेली नाही. तीस दिवस दिलेत. त्या तपासणीच्या बाईंनी भांडून मिळवले असणार, कारण नियमात एवढी सवलत नाही. त्यांतले तीन गेले, सत्तावीस आहेत.

मागच्या वेळी मी टेबलामागे बसून तीस दिवस मोजले होते. या वेळी कुदळ घेऊन मोजतो. शिंप्याला सांग, चहा तयार ठेव, माझं त्याच्याशी काम आहे.

धाकटा दीर


१४ नोव्हेंबर

वहिनी,

सुखरूप पोचलो. पाठ अजून धरलेली आहे, पण जावयासमोर कण्हत नाही. लेकीनं हातावरचे फोड बघितले आणि दोन दिवस अबोला धरला.

तीन आठवडे मी कुणाच्या तरी शेजारी उभा राहून काम केलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. पहिल्या दिवशी एकटाच चर खणत होतो. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई आल्या. चौथ्या दिवशी शिंपी मशीन बंद करून आला आणि काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानं कुदळ हातातून काढून घेतली. सायकलवाला शेवटी आला, तरी सगळ्यांत खोल चर त्याचेच आहेत.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शेवटच्या दिवशी खिडकीवर मी जरा आवाज चढवला आणि मग बाहेर बाकावर जाऊन बसलो. नंतर आत काय झालं, ते गडबडीत तू सांगितलंच नाहीस. आणि निकाल काय लागला?

तिसरीही आहे. दादा असता तर त्यानं मला माफ केलं असतं का? तुझ्याशिवाय हे कुणाला विचारू?

धाकटा दीर


१५ डिसेंबर

भाऊजी,

निकाल हातात येईपर्यंत थांबले होते, म्हणून उशीर. आता क्रमानं सांगते.

जरा आवाज चढवला म्हणे! अहो, अख्खी कचेरी खुर्चीतून उठली होती. तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक. खिडकीवरच्या मुलानं पानं चाळली, पेन उचललं आणि शेरा लिहायला घेतला. तेवढ्यात तुम्ही खिडकीतून अर्धे आत वाकलात आणि गरजलात, "लिहू नकोस! काय राहिलंय ते तिला सांग. ती समोर उभी आहे!" आणि तरातरा बाहेर गेलात. तुमचे डोळे भरले होते ते मी बघितलं. मुद्दाम मागे आले नाही.

मुलगा पांढरा पडला. मग पेन खाली ठेवलं, उठला, दार उघडून खिडकीच्या बाहेर माझ्याजवळ आला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "बाई, सहअर्जदाराची सही नाही." शिंपीदादा! जुलैभर साऱ्या रस्त्याच्या नावानं सह्या ठोकणारा माणूस, आणि नेमकी त्याचीच सही राहिली. खिडकी बंद व्हायला पाऊण तास होता. मी रिक्षानं जाऊन त्यांना गळ्यातल्या टेपसकट घेऊन आले. तो मुलगा तोवर दारात उभा होता. सही झाली, शिक्का पडला. त्यानं विचारलं, "ते कोण होते?" मी म्हटलं, माझे दीर, तुमच्याच टेबलावर होते. तो म्हणाला, "मी असे किती कागद परत पाठवले असतील हो!" मी त्याला म्हटलं, यापुढचे नको पाठवूस.

काल मंजुरी आली. साठही झाडं उभी आहेत, जुन्यांतल्या काहींना नवी पालवी आहे, आणि पट्टी कायमची झाडांसाठी राखीव झाली. चुन्याच्या खुणा पावसानं धुतल्या होत्याच, उरल्यासुरल्या शिंपीदादांनी चपलेनं पुसल्या. फळा काढून टाकलाय. आता रोज संध्याकाळी एकच जण सगळ्या खड्ड्यांत बोट घालून फिरतो आणि हवं तिथेच पाणी घालायला सांगतो. या आठवड्यात माझी पाळी आहे, नखं काळी झालीत.

आता तिसरी गोष्ट. तुम्ही विचारलंत म्हणून दोन दिवस विचार केला. यांनी माफ केलं असतं की नाही, मला खरंच माहीत नाही. हट्टी होते, तुम्हाला ठाऊकच आहे. कदाचित केलं असतं, कदाचित अजून वर्षभर तुमच्याशी फक्त हवापाण्याचं बोलले असते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी यांच्या नावानं काही लिहून देणार नाही. दुसऱ्याच्या रकान्यात सही करून काय होतं ते आपण बघितलंय.

माझं मात्र सांगू शकते. मी तुम्हाला माफ केलं, भाऊजी. मनापासून. ही सही माझी स्वतःची आहे.

तुमची वहिनी